बगळ्याची लाइन

१

“देऊ का?”

त्या दिवशी मी एवढंच विचारलं होतं, आणि एकदाच विचारलं होतं. तलावातून उत्तर आलं नाही. ते अजूनही आलेलं नाही.

आमच्या कामात एक पद्धत आहे. माझा मोठा भाऊ सुगतदादा झाडीपट्टीच्या नाटकांना लाइट करायचा, तेव्हापासून त्याने ती पाळली आणि मलाही लावली. वायरीवर जाणाऱ्याने आधी मेन स्विचचा दांडा खाली पाडायचा आणि त्या दांड्यावर आपला खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा. दुपट्टा आहे तोवर दांड्याला कोणी हात लावायचा नाही. ज्याने टाकला त्यानेच काढायचा. काढल्यावरही लगेच करंट द्यायचा नाही. तीनदा ओरडून विचारायचं, “देऊ का?” तिकडच्या माणसाने वायर सोडून कोरड्या जागेवर यायचं, दोन्ही रिकामे हात वर करायचे आणि म्हणायचं, “दे!” मगच दांडा वर करायचा.

“हात काहून वर करायचे?” मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

“तुह्यासारखे येडे असतेत म्हणून. तोंडानं दे म्हणतेत न हातात वायर तशीच धरून ठेवतेत.”

आम्हा दोघांचे दुपट्टे सारखेच होते. पांढरे, निळ्या काठाचे, अड्याळच्या बाजारात एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले. फरक फक्त सवयीचा. दादा चार घड्या घालून दुपट्टा दांड्यावर ठेवायचा, काठावर काठ येईल असा. मी गोळा करून फेकायचो.

म्हणून दांड्याकडे नुसतं पाहिलं तरी वायरीवर कोण आहे ते कळायचं. पाहिलं तर.

२

भंडाऱ्याला एका तलावावर प्रकाशाच्या कलाकृतींचं प्रदर्शन भरणार होतं. बाहेरगावचे कलाकार आले होते. कोणी मासे धरायची जुनी जाळी उजळणार होतं, कोणी नुसत्या धुरावर रंग सोडणार होतं. ते लोक कागदावर चित्र काढून देतात. ते चित्र अंधारात दिसेल की नाही, हे आमच्या हातात असतं. आमचे मालक भैय्याजी, त्यांचं डेकोरेशनचं दुकान. लाइटचं सगळं काम दादाच्या अंगावर.

मनाली मॅडम त्या कलाकारांतल्याच, पुण्याच्या. धरणाखाली गेलेल्या गावांतून त्यांनी दारांच्या लाकडी चौकटी जमा केल्या होत्या. चाळीस चौकटी. त्या तलावात, गुडघाभर पाण्यात, एका ओळीत उभ्या करायच्या आणि प्रत्येकीच्या आतून दिवा सोडायचा. हळूहळू वाढणारा, हळूहळू उतरणारा.

“आत कोणीतरी आहे असं वाटलं पाहिजे,” मॅडम म्हणाल्या.

“होऊन जाईन मॅडम,” दादा म्हणाला. “श्वास घेतल्यावानी करून देतो.”

मी सहावीत शाळा सोडली. अक्षरं मला लागतात, पण वेळ लागतो, आणि पॅनलसमोर वेळ नसतो. म्हणून दादा माझ्यासाठी प्रत्येक लाइनच्या बटणाखाली पट्टी चिकटवून चित्र काढायचा. कोंबडा, विळा, घागर, खाट. मॅडमना त्याचं फार हसू यायचं. शेवटची, चाळिसावी लाइन म्हणजे बगळा, कारण पहिल्याच दिवशी त्या चौकटीवर एक बगळा येऊन बसला होता.

“हा पाह्य, फुकटचा चौकीदार,” दादा म्हणाला होता.

३

डिसेंबरातली दुपार होती. सकाळी पहिल्या दहा लाइनींचे जोड मी केले होते. दांड्यावर माझा दुपट्टा होता. काम संपलं तसा मी चहाला गेलो आणि दुपट्टा काढायला विसरलो.

परत आलो तेव्हा दांड्यावर एक दुपट्टा होता, आणि एक बाजूच्या पेटीवर पडला होता. मला वाटलं, दांड्यावरचा माझा. हात पुढे केला, ओढला, त्यानेच तोंड पुसलं. “देऊ का?” म्हणून ओरडलो. जनरेटर धडधडत होता. उत्तर यायच्या आधी माझा हात दांड्याखाली गेला होता.

दादा बगळ्याच्या चौकटीशी पाण्यात होता.

त्याला उचलायला दोन्ही दुपट्टे घेतले. एक काखेखालून, एक मांड्यांखालून. दोन्ही त्याच्यासोबत दवाखान्यात गेले. परत एकच मिळाला, ओला, पिळलेला. दुसऱ्याचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता कोणी म्हणेल, त्यात काय एवढं. दोनच गोष्टी होऊ शकतात. दांड्यावरचा दुपट्टा माझा असेल, तर दादाने त्या दिवशी पहिल्यांदा आपली पद्धत मोडली आणि माझ्या विसरलेल्या दुपट्ट्याच्या भरवशावर पाण्यात उतरला. नाहीतर मी चहाला बसलेला पाहून त्याने माझा उचलून पेटीवर ठेवला आणि त्या जागी आपला ठेवला, चार घड्या घालून. तो मी ओढून काढला आणि त्याच्या घामाचा वास असलेल्या कापडाने तोंड पुसलं, तरी मला कळलं नाही.

मी दांड्याकडे पाहिलं होतं. पण घडी होती की गोळा, ते मला आठवत नाही. रोज आठवून पाहतो. दांडा दिसतो, माझा हात दिसतो, निळा काठ दिसतो. घडी दिसत नाही.

जनरेटरवाल्या हिरालालला मी विचारलं. तो म्हणाला, “मी डिझेल पाहून राहिलो होतो बापू.” पोलिसांना विचारलं, त्यांनी माझंच नाव पुन्हा विचारलं. रीना वहिनीने मात्र मलाच विचारलं. दादाच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना आटोपून भंतेजी गेल्यावर, भांडी घासता घासता.

“भाऊजी, खरं सांगा. घडी होती का?”

मी उठून बाहेर गेलो. त्यानंतर तिने विचारलं नाही.

४

प्रदर्शन पुढे ढकललं गेलं होतं. जानेवारीच्या शेवटी भैय्याजी अड्याळला आमच्या घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले नाहीत.

“दुसरा लाइटवाला आणला होता नागपूरचा,” ते म्हणाले. “पॅनल उघडलं न मले म्हणते, इथं कोंबडे न बगळे कायले काढून ठेवले? त्याले काई समजलं नाही. तू चाल बेटा. सुगतचं काम हाय, तूच उभं कर.”

वहिनी दारात उभी होती. “भाऊजी जाणार नाहीत,” ती म्हणाली.

“जातो,” मी म्हणालो.

मी नेहमी असाच आधी बोलून बसतो. पण त्या वेळी मनात दुसरंही होतं. ती जागा पुन्हा पाहिली, त्याच उंचीवरून दांडा पाहिला, तर कदाचित घडी आठवेल.

५

पहिले दोन दिवस काही झालं नाही. चौकटी पाण्यात तशाच उभ्या होत्या, लाकडाला हिरवट शेवाळ धरलं होतं. एकोणचाळीस लाइनी मी तपासल्या. बगळ्याच्या चौकटीकडे गेलो नाही. पॅनलवर त्या लाइनीचं बटण बंद ठेवलं आणि मॅडमना सांगितलं, ती नंतर पाहू.

तिसऱ्या दिवशी सांजेला चाचणी होती. दिवस बुडाला होता, पण पाण्यात उजेड होता अजून. मी घाटाच्या पायऱ्यांवरून पॅनलकडे येत होतो. पॅनल तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पिंपळाखाली. पन्नासेक पावलांवरून मला दिसलं की दांडा खाली आहे आणि त्यावर दुपट्टा आहे.

मी थांबलो. आपसूक थांबलो. दुपट्टा दिसला की थांबायचं, हे अंगातच बसलेलं.

मग गळ्याला हात लावला. माझा दुपट्टा माझ्या गळ्यात होता.

पॅनलशी पोचलो तोवर दांड्यावर काही नव्हतं. फक्त दांडा ओला होता. सगळा नाही. मधोमध, चार बोटं रुंद.

“हिरालालभाऊ, इथं दुपट्टा कोणं टाकला होता?”

“तुहाच असन बे.”

“माहा तर गळ्यात हाय.”

हिरालालने माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे. तो एरवी माझी थट्टा केल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी तो बिडी शोधत जनरेटरच्या मागे गेला.

दव असेल, मी म्हटलं. थंडीत लोखंडाला पाणी सुटतं. दवाला रुंदी का असावी, हे मी स्वतःला विचारलं नाही. त्या सांजेला चाचणी केली नाही. फ्यूज गेला म्हणून खोटं सांगितलं.

६

आमच्या घरात भूत मानत नाहीत. दादा तर नाटकात भुताचा प्रवेश आला की हिरवा लाइट मारून स्वतःच हसायचा. म्हणायचा, “करंट बी दिसत नाही, पण मोजता येते. भूत मोजून दाखव, मंग मानतो.”

चौथ्या दिवशी सकाळीच हिरालाल जनरेटर बंद करून डिझेलला गेला. पाळीवर मी एकटा. दांडा खाली, सगळं थंड. दादाचा क्लॅम्प मीटर माझ्या खिशात होता. त्याची चिमट्यासारखी कडी वायरीभोवती अडकवली की वायर न कापता करंट कळतो. मी उगाच एकेक लाइन मोजत गेलो. कोंबडा, शून्य. विळा, शून्य. घागर, खाट, शून्य. एकोणचाळीस शून्यं.

बगळ्याच्या वायरीवर आकडा आला.

अगदी लहान आकडा. तो वाढला, थोडा थांबला, उतरला. पुन्हा वाढला, थांबला, उतरला. मी कडी काढून दुसऱ्या वायरीला लावली. शून्य. परत बगळ्याला लावली. वाढला, थांबला, उतरला.

बाजूने दुसरी चालू वायर गेली असेल तर कधी कधी असं खोटं दाखवतं. दादानेच सांगितलं होतं. पण त्या वेळी पाळीवर एकही वायर चालू नव्हती.

मी मीटर खिशात घातला आणि तलावाकडे पाहिलं. शेवटची चौकट धुक्यात होती. बगळा तिच्यावर नव्हता. मी आलो त्या दिवसापासून तो एकोणचाळिसाव्या चौकटीवर बसत होता, शेवटच्या चौकटीकडे तोंड करून.

तेवढ्यात मागून मनाली मॅडमचा आवाज आला. “अरे प्रफुल्ल, आज तरी चाचणी करू ना. उद्या उद्घाटन आहे. आणि हा कोणाचा टॉवेल आहे? काढ की.”

मी वळलो. दांड्यावर दुपट्टा होता. पांढरा, निळ्या काठाचा. चार घड्या, काठावर काठ. खालच्या टोकातून पाणी थेंब थेंब गळत होतं आणि मॅडमचा हात त्याच्यावर जात होता.

मी त्यांच्या हातावर फटका मारला. जोरात मारला. त्यांच्या बांगडीचा आवाज झाला.

“तुला वेड लागलंय का?”

“माणूस लाइनवर हाय मॅडम!” मी ओरडलो.

“कोण माणूस?”

मी शेवटच्या चौकटीकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बहुतेक त्यांना सगळं समजलं, म्हणजे त्यांच्या परीने. हात चोळत हळू म्हणाल्या, “तू घरी जा. भैय्याजींशी मी बोलते.” आम्ही दोघांनी पुन्हा दांड्याकडे पाहिलं तेव्हा तो रिकामा होता. मॅडम खालच्या ओल्या मातीकडे बघत राहिल्या. मग निघून गेल्या.

७

मी घरी गेलो नाही. घाटावर बसून वहिनीला फोन केला.

“वहिनी, घडी होती.”

तिकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“मले आठवलं नाही. मी इथं पाह्यली. चार घड्या, तशीच. तो अजून लाइनवर हाय वहिनी. मी त्याचा दुपट्टा काढला होता.”

मागे आमच्या आंगणातली शेळी ओरडत होती. मला वाटलं ती आता शिव्या देईल, रडेल, फोन ठेवेल. मी त्याची तयारी केली होती.

“भाऊजी,” ती म्हणाली, “त्या दिवशी त्याईचा जोड पुरा झाला होता का?”

“नाही. अर्धाच. टेप बी अर्धीच गुंडाळलेली असन.”

“अर्धं काम टाकून घरी यायची सवय नव्हती त्याईले,” वहिनी म्हणाली. “जेवणं थंडी होऊन जायची माही.”

मग तिने फोन ठेवला.

८

उद्घाटनाच्या सांजेला सगळी गर्दी तलावाच्या पलीकडे, मंडपाकडे होती. भाषणं चालू होती. मॅडम बोलल्या असतीलच, पण ते पॅनल माझ्याशिवाय कोणाला समजत नव्हतं, म्हणून भैय्याजींनी मलाच ठेवलं होतं. हिरालालही तिकडेच गेला होता. भैय्याजींचा फोन आला, “पाच मिनिटात चौकटी पेटव बेटा, पाहुणे उठून राहिले.” मी हो म्हणालो.

दांडा खाली होता. त्यावर काही नव्हतं. मी माझा दुपट्टा काढला, गोळा केला आणि दांड्यावर टाकला. मग चपला पायरीवर ठेवून पाण्यात उतरलो.

पाणी फार थंड होतं. एकेक चौकट ओलांडत गेलो. प्रत्येकीतून पलीकडचा तलाव दिसत होता, फिका, करडा. शेवटच्या चौकटीशी पोचलो तेव्हा एकोणचाळिसावीवरचा बगळा उडाला नाही. त्याने नुसती मान आखडली.

जोड तसाच होता. दोन तारा पिळलेल्या, तिसरी उघडी. काळी टेप अर्धी गुंडाळून सुटलेली, तिचं टोक पाण्यावर लोंबत होतं. त्या टेपवर आतल्या बाजूने अंगठ्याचा ठसा होता. मी त्यावर बोट ठेवलं नाही. उघडी तार पिळली, दादा पिळायचा तशी, उजवीकडे तीन वेढे, आणि नवी टेप घेऊन ठशाच्या पुढून गुंडाळायला लागलो. बोटं वाकत नव्हती. “झालंच दादा,” मी म्हणत होतो. “झालंच आता.”

शेवटचा वेढा राहिला होता तेव्हा पाळीवरून आवाज आला.

“देऊ का?”

जनरेटर आज मंडपापाशी नेला होता, दूर. मध्ये नुसतं पाणी होतं. शब्द स्वच्छ ऐकू आला. तसा शब्द एकाच माणसाचा होता, ‘का’ जरा लांबवलेला, नाटकाच्या मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

मी चौकटीतून वर पाहिलं.

पिंपळाखाली पॅनलपाशी कोणीतरी उभं होतं. अंधार व्हायचा होता, तरी त्या जागचा उजेड आधीच गेला होता. चेहरा दिसला नाही. हात दिसत होते. त्या हातांत माझा दुपट्टा होता. गोळा केलेला तो दुपट्टा त्याने एकदा झटकला, काठाला काठ लावला आणि घडी घातली. मग दुसरी. मग तिसरी.

दांडा मोकळा होता.

मी गुडघाभर पाण्यात होतो आणि माझ्या दोन्ही हातांत वायर होती. मी त्याचा दुपट्टा काढला होता. आता त्याने माझा काढला होता. मला एवढंच कळत होतं की हात सोडायला हवेत, आणि हात सुटत नव्हते.

“देऊ का?”

दुसऱ्यांदा. घाई नव्हती त्या आवाजात. चौथी घडी घालून तो उभा होता, दांड्याला हात न लावता. मी एकदाच विचारलं होतं. उत्तर यायच्या आधी माझा हात दांड्याखाली गेला होता. तो थांबला होता. मी नाही बोललो तर तो थांबूनच राहणार होता, आज, उद्या, प्रदर्शन उठल्यावर, चौकटी नेल्यावर, पाळीवर ओल्या दांड्यापाशी एकटा, जेवण थंड होईपर्यंत.

मंडपात टाळ्या वाजल्या. खिशात फोन थरथरला.

माझी बोटं सुटली. मी शेवटचा वेढा दाबून बसवला, टेप दाताने तोडली, वायर चौकटीच्या खिळ्याला अडकवली. पाण्यातून पायऱ्यांकडे निघालो. पळालो नाही. तो नेहमी म्हणायचा, पाण्यातून पळायचं नाही. पहिली पायरी ओली होती, दुसरीही ओली होती. तिसरी कोरडी होती. तिच्यावर दोन्ही पाय ठेवले.

“देऊ का?”

मी दोन्ही रिकामे हात वर केले, त्याला नीट दिसतील एवढे वर, आणि जेवढा आवाज होता तेवढ्याने म्हणालो, “दे, दादा!”